फायबरची नाव आणि तिच्या फासळ्या

श्रोतेहो, नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा नागपूरच्या माणसाने नावेच्या दुरुस्तीवर बोलावे, हे ऐकून कोणी हसले तर मी रागावणार नाही. पण थोडा विचार करा. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, इंद्रावती या नद्या आपल्याच. नवेगावबांध, इटियाडोह, गोसीखुर्द हे जलाशयही आपलेच. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांवर कितीतरी धीवर कुटुंबांची चूल पेटते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, तेव्हा खुद्द नागपुरात माणसांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. म्हणजे नाव ही काही कोकणातल्या माणसाचीच गरज नव्हे.

पूर्वी आपल्याकडे खोड कोरून केलेला डोंगा असे, किंवा फळ्यांची नाव असे. आता तशी जाडजूड झाडे मिळत नाहीत आणि नाव बांधणारे सुतारही कमी झाले. त्यांच्या जागी फायबरच्या नावा आल्या. वजनाला हलक्या, डांबर-तेल लावण्याची कटकट नाही, वाळवी लागत नाही. त्यामुळे गावोगाव एक समजूत पक्की झाली आहे, की फायबर कुजत नाही, तेव्हा नावेकडे पाहायला नको. ही समजूत अर्धी खरी आहे. आणि पाण्यावर अर्धे खरे फार महागात पडते. ते कसे, हे सांगण्यासाठीच मी आज आलो आहे.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. नावा बांधणे हा माझा विषय नव्हे. पण काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी मुले घेऊन मी वैनगंगेकाठच्या एका गावी गेलो होतो. पलीकडच्या तीरावर शेते असलेले लोक मच्छीमारांच्या संस्थेच्या फायबरच्या नावेतून ये-जा करीत. नाव पंधरा-सोळा वर्षांची जुनी, पण नुकतीच कोणाकडून तरी दुरुस्त करून आणलेली. निळा रंग असा चकचकीत की तोंड पाहावे. मी आत पाय ठेवला तर तळ पायाखाली किंचित दबला, तेलाचा रिकामा डबा बोटाने दाबला की दबतो ना, तसा. म्हातारा नावाडी माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, वरून नवरीवानी दिसते, पण आतून बुढी झाली ना जी ते."

मी हसलो आणि विसरलो. दोन दिवसांनी पाच माणसे आणि खताची पोती घेऊन ती नाव निघाली आणि काठापासून वीसेक हातांवर तिच्या तळाला लांबच लांब भेग पडली. पाणी कमरेइतके होते, म्हणून माणसे चालत बाहेर आली. त्या पाचांत माझे दोन विद्यार्थी होते. मध्यधारेत हे घडले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मला रात्री जागा करतो.

मग नाव काठावर ओढली. नागपूरहून एक अनुभवी फायबर-कारागीर आला आणि त्याने तळातली एक फासळी कापून उघडली. आतून काय निघाले? चहाचा चोथा असावा तसा काळा, ओला, आंबूस वासाचा लगदा. ते एके काळी लाकूड होते. पुढचे दहा-बारा दिवस मी आणि माझी मुले त्या कारागिराच्या हाताखाली राबलो. तेव्हा जे पाहिले आणि नंतर जे वाचले, ते आता क्रमाने सांगतो.

आधी हे समजून घेऊ, की फायबर म्हणजे काय. काचेचे केसासारखे बारीक तंतू काढतात, त्यांची मॅट किंवा कापड करतात आणि त्यावर रेझिन नावाचा चिकट द्रव भिनवतात. हार्डनर घातला की रेझिन घट्ट होते. मातीच्या भिंतीत कुटार घालतात, तसेच हे. माती चिकटून धरते आणि कुटार ताण सोसते. इथे रेझिन धरते आणि काच ताण सोसते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अशा नावा होऊ लागल्या आणि पुढे जगभर पसरल्या.

पण या पदार्थाचा एक स्वभाव आहे. तो मजबूत असला तरी लवचिक असतो. चार-पाच मिलिमीटर जाडीचा नुसता तळ पाण्याच्या दाबाने आत-बाहेर लवतो. तो लवू नये म्हणून तळावर आतून लांबीने आणि रुंदीने उंच पट्ट्या बसवतात. त्यांनाच मी फासळ्या म्हणतो. आपल्या छातीच्या फासळ्यांचे जे काम, तेच यांचे.

फासळी उंच का असते? शिक्षकबंधूंनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवा आणि मध्ये नाणी ठेवा. कार्ड लगेच वाकेल. मग त्याच कार्डाच्या दोन्ही लांब कडा वर दुमडून पन्हळीसारखे करा आणि पुन्हा नाणी ठेवा. आता किती तरी जास्त नाणी मावतील. कागद तोच, पण उंची वाढली. हिशेबच सांगायचा तर तीन इंच रुंद आणि एक इंच जाड फळी आडवी ठेवण्याऐवजी उभी धरली, तर ती नऊपट कमी लवते. फासळीचे बळ असे तिच्या उंचीत असते.

आता ही उंची टिकवायची कशी? बहुतेक जुन्या नावांत आत लाकडाचा किंवा प्लायवुडचा तुकडा ठेवून त्यावरून काचेचे थर चढवलेले असतात. काही नावांत लाकडाऐवजी फोम असतो. आतल्या या वस्तूला गाभा म्हणू. ज्वारीचा धांडा डोळ्यांपुढे आणा. वरची साल टणक, आतला गर मऊ. गर काही फार ताकदवान नसतो, पण तो सालीला आतून धरून ठेवतो आणि चेपू देत नाही. खोडकिड्याने गर पोखरला की धांडा बाहेरून हिरवागार दिसतो आणि एका वाऱ्याच्या झोताने मोडतो. आमची नाव अशीच मोडली. जिथे वरचे काचेचे आवरण चांगले जाड असते, तिथे गाभा गेला तरी फासळी काही काळ तग धरते. पण आवरण किती जाड आहे, हे रंगावरून कळत नाही.

मग बंद आवरणात पाणी शिरले कोठून? चोर दरवाज्यातूनच आला होता, आणि दरवाजा आपणच उघडून दिला होता. बसायची फळी ठोकायला कोणी स्क्रू मारला. दोरीसाठी कोणी कडी बसवली. या कप्प्यातले पाणी त्या कप्प्यात जावे म्हणून कोणी फासळीला भोक पाडले. ही भोके उघडी राहिली. तळाशी साचलेले पाणी त्यांतून थेंबथेंब आत गेले, लाकडाने ते पिऊन घेतले, आणि आवरण बंद असल्यामुळे बाहेर पडायला वाट राहिली नाही. ओलावा आणि थोडी हवा मिळाली की लाकूड खाणारी बुरशी कामाला लागते. तिला घाई नसते. दहा वर्षे लागली तरी चालतात.

कोणी म्हणेल, मग लाकूड घालतातच कशाला? तर लाकूड वैरी नव्हे. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर श्री. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात भारतीय नौदलासाठी 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. तिचे अंग सीडर लाकडाच्या पट्ट्यांचे, आणि त्यावर काचेचे कापड व इपॉक्सी रेझिन. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कोठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून आले. तिचीच धाकटी बहीण 'तारिणी' ही २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वी फिरली. दक्षिणेकडच्या खवळलेल्या महासागरांतून लाकडाचा गाभा सुखरूप परत येतो, आणि आपल्या गावच्या शांत तळ्यात कुजतो! फरक लाकडात नाही. पाण्याला आत यायला वाट ठेवली की नाही, यात आहे.

आता परीक्षा कशी करावी ते पाहू. बाजारात मडके घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. नावेचेही तसेच. लहानसा लाकडी हातोडा घेऊन प्रत्येक फासळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात-हात अंतर न सोडता, वाजवत जावी. चांगल्या जागी आवाज टणक आणि एकसारखा येतो. कुजलेल्या जागी तो बद्द येतो. तिथे खडूने खूण करावी. फासळी जिथे तळाला मिळते तिथे केसासारख्या भेगा आहेत का, एखाद्या स्क्रूजवळून काळपट पाणी पाझरते का, नाव पूर्वीपेक्षा जड झाली आहे का, हेही पाहावे. संशय आला तर फासळीच्या बाजूला बारीक ड्रिलने भोक पाडावे. भुसा कोरडा आणि फिका निघाला तर बरे. काळा आणि ओला निघाला तर निदान झाले. भोक तळाला आरपार जाणार नाही याची मात्र काळजी घ्यावी, आणि परीक्षा झाल्यावर चांगल्या निघालेल्या फासळीचे भोक इपॉक्सीने बंद करावे.

कित्येक जण या टप्प्यावर सोपा मार्ग शोधतात. चार भोके पाडून आत पातळ रेझिन ओततात, वरून पट्टी मारतात आणि रंग देतात. आमच्या नावेचे असेच झाले होते. ओल्या आणि कुजलेल्या लाकडाला रेझिन धरत नाही. आतला ओलावा उलट कायमचा कोंडला जातो. तेव्हा फासळी उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

उघडण्यापूर्वी नाव सपाट जागी, मूळच्या आकारात नीट टेकवावी. आम्ही तळाखाली जागोजाग वाळूची पोती दिली होती. कारण असे, की फासळी कापली की तळ सैल होतो आणि खाली जसा टेकू असेल तसा आकार घेतो. त्या वाकड्या आकारात नवी फासळी बसवली, तर नाव जन्मभर वाकडी राहते. म्हणून सगळ्या फासळ्या एकदम कापू नयेत. एक पुरी करावी, मग दुसरी. आणि कापण्यापूर्वी फासळीची उंची, रुंदी आणि वळण पुठ्ठ्यावर उतरवून ठेवावे.

फासळीचे वरचे झाकण कटरने कापावे. पाते उथळ ठेवावे, तळाला लागता कामा नये. तळाला चिकटलेली पट्टीची पाळी पक्की असेल तर ती इंच-दोन इंच राहू द्यावी. तिचा पुढे उपयोग होतो. मग पटाशीने सगळे कुजके लाकूड काढावे. काळे लाकूड संपल्यावरही पुढे हातभर लाकूड नीट तपासावे. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते.

यानंतर काही दिवस नाव नुसती वाळू द्यायची. गावकऱ्यांना हे फार जड गेले. "दुरुस्ती करता की नाव सुकवता?" असे जो तो विचारी. कारागिराने त्यांना एक युक्ती दाखवली. प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद संध्याकाळी त्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावायचा. सकाळी आतून दवाचे थेंब दिसले, तर अजून ओल आहे. आमचे थेंब सहाव्या दिवशी थांबले.

वाळल्यावर पृष्ठभाग आधी ॲसिटोनने पुसावा आणि मग घासावा. जुन्या फायबरची चकाकी आणि त्यावरचा मेणचटपणा गेल्याशिवाय नवा थर धरत नाही. घासताना जुन्या थरांना लांब उतार द्यावा. साधारण नियम असा, की एक मिलिमीटर जाडीला बारा मिलिमीटर उतार. म्हणजे चार मिलिमीटर जाडीला जवळजवळ पाच सेंटिमीटर. दोरीला दोरी जोडताना आपण टोके एकमेकांत लांबवर गुंफतो, त्यातलाच हा प्रकार.

नवा गाभा म्हणून आय. एस. ७१० या प्रमाणाचे मरीन प्लायवुड वापरावे, किंवा पाणी न शोषणारा, नावांसाठी मिळणारा घट्ट फोम. थर्मोकोल मुळीच वापरू नये. पॉलिएस्टर रेझिन लागताच तो साखरेसारखा विरघळतो. प्लायवुडला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. मग रेझिनच्या घट्ट पुट्टीची गादी करून त्यावर गाभा टेकवावा, खाली पोकळी राहू देऊ नये. दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत पुट्टी बोटाने फिरवून गोलाई द्यावी आणि वरच्या कडाही गोल कराव्यात. काचेचे कापड काटकोनात बसत नाही, खाली हवा राहते. फासळीचे टोकही एकदम तुटक संपवू नये, उतरते करावे. नाहीतर जिथे फासळी संपते नेमकी तिथेच तळाला भेग पडते.

त्यावर थर चढवायचे. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा पुढे, तळावर पसरलेला असावा. रोलरने हवा काढावी. काच पांढरी दिसली तर रेझिन पोचले नाही असे समजावे. किती थर? जुन्या आवरणाची जाडी कापतानाच मोजलेली असते, निदान तितके तरी. जुन्या फायबरला इपॉक्सी रेझिन पॉलिएस्टरपेक्षा अधिक घट्ट धरते. ते महाग असते, पण अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून सांगतो, अशा दुरुस्तीत खरा खर्च श्रमाचा आणि बुडालेल्या दिवसांचा असतो. तो दोनदा करण्यापेक्षा एकदा चांगले रेझिन घेणे स्वस्त पडते.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला भिडतो. त्या उन्हात कालवलेले रेझिन भांड्यातच तापते, धुरावते आणि दगड होते. पावसाळ्यात हवेतली ओल आड येते. म्हणून दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. सकाळचे दव उडाल्यावर, सावलीत, थोडे थोडे कालवून काम करावे. पॉलिएस्टरला हार्डनर साधारण शंभराला एक ते दोन भाग लागतो. इपॉक्सीचे प्रमाण निराळे असते, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. अंदाजपंचे चालत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नये. चुकून गेलाच तर पंधरा मिनिटे तरी डोळा स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि तडक दवाखाना गाठावा. हा हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होतो. रेझिन आणि ॲसिटोन पेट घेतात, तेव्हा जवळपास बिडी-काडी नको. काचेची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून चांगला मास्क आणि अंगभर कपडे हवेत. पाणीनिचऱ्याच्या भोकांत नळीचा तुकडा बसवून कडा इपॉक्सीने बंद कराव्यात. पुढे कधी स्क्रू मारायचाच झाला, तर आधी मोठे भोक पाडावे, ते इपॉक्सीने भरावे, आणि ते घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध लहान भोक पाडून स्क्रू मारावा. म्हणजे स्क्रू इपॉक्सीत राहतो आणि लाकडाला पाणी दिसतच नाही.

हे ऐकून कोणीही उद्या कटर घेऊन बसावे, असे माझे म्हणणे नाही. उतारूंची नाव असेल, इंजिनाखालची फासळी असेल, तर काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पण काम नीट झाले की नुसता रंग झाला, हे गावाला ओळखता आले पाहिजे. रंग देण्याआधी नाव पाहण्याचा आग्रह धरा. काय काढले, किती वाळवले, किती थर दिले, हे विचारा. आणि पहिली परीक्षा माणसांवर नको. उथळ पाण्यात वाळूची पोती भरून नाव तासभर उभी करा, तळाकडे पाहा. त्यानंतर माणसे, आणि तीही जीवरक्षक जाकिटे घालून.

त्या गावची नाव आज पाण्यावर आहे. मागच्या खेपेला गेलो तेव्हा शाळेच्या गुरुजींनी सातवीच्या मुलांना काठावर नेले होते. मुलांच्या हाती हातोडी, फासळ्यांवर खडूचे आकडे, आणि वहीत प्रत्येक फासळीपुढे आवाजाची नोंद. दिवाळीनंतर एकदा आणि मृगाच्या आधी एकदा, अशी वर्षातून दोनदा ही तपासणी ते करतात. म्हातारा नावाडी बाजूला बसून ऐकत होता. एका पोराने "बद्द" असे लिहिले, तेव्हा तो उठून गेला, स्वतः वाजवून पाहिले आणि म्हणाला, "बरोबर आहे जी. इथं पाहा लागते."

आपल्या गावी नाव असेल तर एवढे आपणही करू शकतो. एक हातोडी, एक खडू आणि तासाभराचा वेळ पुरतो.